प्रयागबाईंचं रोजचं वाक्य

प्रयागबाईंनी कधी कोणाला चांगलं म्हटलं असेल, तर असा माणूस शोधायला कामठीच्या स्टेशनापासून छावणीपर्यंत दारोदार फिरावं लागलं असतं, आणि तरी चपला झिजवून तसंच परतावं लागलं असतं. त्यांची सून वंदना तर एकोणीस वर्षं त्याच घरात होती. लग्न होऊन आली त्या दिवशी तिनं उंबरठ्यावरचं माप पायानं ओलांडलं, ते जरा जोरात लवंडलं आणि तांदूळ थेट देव्हाऱ्यापर्यंत गेले. घरातल्या बाया हसल्या. प्रयागबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बरं झालं, देवाले अक्षता टाकायचं काम वाचलं. आता झाडू घे अन् उरलेले गोळा कर."

तिथून जे सुरू झालं ते सुरूच राहिलं. पोळी जाड झाली की "हे काय पायाखाली घ्यायचं आहे का?" पातळ झाली की "यातून तं मले समोरचं घर दिसून राहिलं." कढीवर त्यांचा विशेष राग. वाटल्या डाळीचे फुणके वाफवून वंदनानं ताकाची कढी केली की पहिल्या घोटालाच त्या वाटी खाली ठेवायच्या आणि विचारायच्या, "हे प्यायचं आहे का यानं हात धुवायचे आहेत?" पण वाटी रिकामी व्हायची. हे वंदनानं फार लवकर हेरलं होतं, आणि त्याच आधारावर ती इतकी वर्षं टिकली होती.

प्रयागबाई देवभोळ्या नव्हत्या, पण देवाच्या मात्र पक्क्या होत्या. यजमान चंद्रभान गेले तेव्हापासून, म्हणजे अठ्ठावीस वर्षं, रोज आंघोळ-पूजा उरकली की दोनशे पानी वही मांडीवर घ्यायच्या आणि निळ्या पेनानं लिहायला बसायच्या. श्रीराम जय राम जय जय राम. ओळीखाली ओळ. अक्षर असं की छापखान्यानं मान खाली घालावी. भरलेल्या वह्या गाद्यांच्या पेटीत, आणि तिथं मावेनात तेव्हा माळ्यावर. गंमत अशी की हात रामाचा असला तरी तोंड रामाला दिलेलं नव्हतं. हात लिहीत असायचा आणि तोंड मोकळं. "वंदना, दूध उतू चाललं. धर्मा, तो टीव्ही बारीक कर. त्या शेजारच्या बाईले सांग, वाळवण आमच्या भिंतीवर नको टाकू." हे सगळं चालू असताना ओळ एक केसभर वाकडी होत नसे. एकदा उन्हाळ्यात पंख्याखाली लिहिता लिहिता त्या चक्क घोरायला लागल्या. वंदनानं दाराआडून पाहिलं तर मान छातीवर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि हात चालू. तीन ओळी झोपेत लिहिल्या, तिन्ही सरळ. तेव्हा वंदनाला हसू आवरलं नव्हतं. पुढे हीच गोष्ट आपल्याला कुठे नेणार आहे हे तिला काय ठाऊक!

देवाशीही त्यांचा व्यवहार असाच रोखठोक. "चौदा वर्षं पायी हिंडलास ना? मंग माझ्या कमरेचं तुले समजाले पाहिजे," असं त्या देव्हाऱ्यातल्या रामाला सुनावत. कारण दोन-तीन वर्षांपूर्वी कंबर धरली ती सोडेना. तीळ तेल झालं, निर्गुडीचा शेक झाला, एका बाबाचा ताईत झाला. शेवटी धर्मेंद्रनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, नागपूरला नेलं. रक्त काढलं, फोटो काढले, कमरेच्या हाडातून मज्जा काढली. निघाला रक्ताचा कॅन्सर. मायलोमा.

"हाडाच्या आत?" प्रयागबाईंनी डॉक्टरला विचारलं. "तिथं घुसायले त्याले जागा कोणी देल्ली?"

डॉक्टर म्हणाले, तो बाहेरून नाही आला, तुमच्याच मज्जेतल्या पेशी बिघडल्या.

"म्हणजे घरचाच," त्या म्हणाल्या आणि उगाच वंदनाकडे पाहिलं.

गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, दीड वर्ष बरं गेलं. मग तो परत आला. दुसरं औषध दिलं, त्यालाही तो सहा महिन्यांत सरावला. तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी धर्मेंद्र आणि वंदनाला समोर बसवून सांगितलं की नेहमीची औषधं आता संपत आली. एक नवीन औषध आहे, त्याचा अभ्यास चालू आहे, आपल्याकडे त्याचं केंद्र आहे, आणि आई त्यात बसतात. पण धोकाही आहे, तो समजून घ्या.

समजावून सांगायला डॉक्टर रितिका आल्या. वय सत्तावीस-अठ्ठावीस, डोळ्यांखाली काळं, खांद्यावर पिशवी. त्यांनी कागदावर दोन गोल काढले. "आजी, हा तुमच्या अंगातला शिपाई. टी पेशी म्हणतात. आणि हा कॅन्सरची पेशी. शिपायाला हा कॅन्सरवाला ओळखूच येत नाही, शेजारून निघून जातो. आपलं औषध म्हणजे दोन हातांची अँटिबॉडी. एक हात शिपायाला धरतो, दुसरा कॅन्सरवाल्याला. दोघांना समोरासमोर आणतो. मग शिपाई त्याला मारतो."

"म्हणजे औषध स्वतः काही मारत नाही?"

"नाही. नुसतं भिडवून देतं."

प्रयागबाईंचे डोळे चमकले. आजारपणात पहिल्यांदाच त्यांना काहीतरी मनापासून पटलं होतं. "हे तं मी केलेलं आहे," त्या म्हणाल्या. "आमच्या गल्लीत आधी एकच नळ होता. दोघी शेजारणी एकमेकीले टाळून पाणी भरत, अन् मागून मले येऊन सांगत, ती अशी न् ती तशी. एक दिवस मी एकीचा पदर धरला, दुसरीची वेणी धरली, अन् दोघींले नळावर आणून उभं केलं. म्हटलं, आता बोला! पुढचं त्याईनंच केलं. मले हात नाही लावावा लागला."

डॉक्टर रितिकांनी पेन खाली ठेवलं. "आजी, हे मी पुढच्या पेशंटला सांगू?"

"सांगा. पण त्यात एकीचा कान फाटला होता, तेही सांगा."

"तेच तर पुढे सांगायचं आहे," रितिका म्हणाल्या. "भांडण जास्त पेटलं तर तुमच्या अंगालाही त्रास होतो. ताप येतो. कधी कधी मेंदूला सूज येते, माणूस गोंधळतो, बोलता येत नाही, फिट येते. वेळेवर कळलं तर औषध आहे. उशिरा कळलं तर जिवावर बेततं. म्हणून पहिले तीन डोस, एक थोडा, दुसरा जरा जास्त, तिसरा पूर्ण, असे इथं भरती होऊन द्यायचे."

संमतीच्या वेळी कॅमेरा लावला. पेशंटला सगळं समजलं आहे याचं चित्रण ठेवावं लागतं. प्रयागबाईंनी पदर सारखा केला, चष्मा पुसला, वंदनाला खुर्ची मागे घ्यायला लावली ("तू काहून मधात येऊन राहिली वं? तुले झाला का कॅन्सर?") आणि डॉक्टरांनी "तुम्हाला काय समजलं ते सांगा" म्हटल्यावर नळाची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली, या वेळी दोघींच्या नावांसकट.

अभ्यासाची सगळी कामं भावना सिस्टर पाहायची. उत्तर नागपूरची, चुणचुणीत, बोलायला एक नंबर. तिच्याकडे एक छापील कागद असायचा आणि दिवसातून दोनदा त्यावरची परीक्षा. कोणतं साल, कोणता महिना, कोणतं गाव, कोणतं हॉस्पिटल. मग तीन वस्तू दाखवायच्या, त्यांची नावं सांगायची. मग एक आज्ञा पाळायची. मग शंभरपासून दहा-दहा कमी करत उलटं म्हणायचं. आणि शेवटी एक वाक्य लिहायचं. सगळे मिळून दहा मार्क. मेंदूला सूज यायला लागली की सगळ्यात आधी अक्षर बिघडतं म्हणे.

"आजी, जीभ दाखवा," भावनानं आज्ञा दिली.

"एवढंच?" म्हणत त्यांनी ती दाखवली. जन्मभर वापरलेली वस्तू दाखवायला त्यांना मुळीच लाज वाटली नाही.

"आता एक वाक्य लिहा. तुमच्या मनातलं कोणतंही. पण रोज तेच लिहायचं, म्हणजे मला कालच्या अक्षराशी जुळवता येतं."

प्रयागबाईंनी पेन घेतलं आणि लिहिलं. श्रीराम जय राम जय जय राम.

"अहाहा, काय अक्षर आहे!" भावना म्हणाली. "आम्ही बुद्धाचे, आजी. पण तुमचा राम मात्र एकदम सुबक."

"बुद्ध बी चांगलाच. गपचूप बसून राहते. आमचेवाले पाहा, सारे हत्यार घेऊन उभे."

मोठ्या डॉक्टरांनी राऊंडला तो कागद पाहिला आणि नकळत हात जोडले. सगळ्यांना भरून आलं. कोणाच्या म्हणजे कोणाच्या डोक्यात आलं नाही की हे वाक्य या बाईचा हात तिला न विचारता लिहितो. वंदनाच्याही नाही.

पहिल्या डोसला ताप आला, उतरला. दुसऱ्या डोसच्या आदल्या दिवशी मात्र प्रयागबाईंनी वंदनाला खाटेजवळ ओढलं. पलीकडच्या खोलीतल्या वर्धेकडच्या बाईनं हात थरथरतो म्हणून सांगितलं, आणि डॉक्टरांनी तिचं औषध थांबवलं, अशी बातमी त्यांनी झाडूवालीकडून मिळवली होती.

"मले थरथर झाली, चक्कर आली, काही बी झालं, तं तू डॉक्टरले सांगायचं नाही."

"आई, असं कसं? त्यांनी सांगितलंय ना..."

"त्याईले काय जाते? ते थांबवतीन अन् दुसऱ्याले देतीन. माझ्यापाशी दुसरं औषध आहे का? नाही ना? मंग." त्यांनी उशाखालून नामाची वही काढली. "ठेव हात. रामाची आन घे."

वंदना दर मंगळवारी कोराडीला देवीच्या पायरीला डोकं टेकणारी बाई. तिनं हात मागे घेतला. पण सासूच्या डोळ्यांत त्या दिवशी ती नेहमीची धार नव्हती, नुसती भीती होती. एकोणीस वर्षांत वंदनानं ती कधी पाहिली नव्हती. तिनं वहीवर हात ठेवला.

दुसरा डोस झाला. रात्री धर्मेंद्र थांबला, सकाळी आठला भावनानं परीक्षा घेतली, दहापैकी दहा. अकरा वाजता वंदना शेअर ऑटोतून डबा मांडीवर घेऊन पोचली. तिनं कढी-फुणके आणले होते. वाटीत कढी ओतली, वर सांबार, म्हणजे कोथिंबीर, पेरली, सासूच्या हातात दिली आणि सवयीनं मान खाली घालून टोमण्याची वाट पाहू लागली.

टोमणा आला नाही.

"चांगली झाली वं कढी," प्रयागबाई म्हणाल्या.

वंदनानं वर पाहिलं. प्रयागबाई हसत होत्या. गोड, लहान मुलीसारख्या.

"बस ना, बाई. थकली असशील. किती लांबून येतेस." त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवला. "तुझ्यासारखी सून कोणाले भेटते?"

वंदनाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. एकोणीस वर्षं! किती पोळ्या, किती कढ्या, किती सणांचं पुरण या एका वाक्यासाठी गेलं होतं. बायका अशा वाक्यासाठी सोळा सोमवार करतात. तिनं पदरानं डोळे पुसले, कॉरिडॉरमध्ये जाऊन धर्मेंद्रला फोन लावला.

"अहो, आईनं कढीला चांगलं म्हटलं."

पलीकडे त्याच्या कारखान्यातल्या पावरलूमची खटखट. "काय म्हटलं?"

"चांगली झाली म्हणाल्या. अन् मले, तुझ्यासारखी सून कोणाले भेटते, असं."

धर्मेंद्रनं मशीन बंद केलं. मग म्हणाला, "औषध लागू पडून राहिलं वाटते. चांगलं आहे ना! आता घरी आल्यावर शांतता." आणि फोन ठेवला.

वंदना तिथंच उभी राहिली. मग खोलीत परत आली. प्रयागबाई तशाच हसत होत्या. चादरीवर कढी सांडली होती आणि त्यांनी कोणालाही दोष दिला नव्हता. खिडकीचा पडदा अर्धा लोंबत होता, त्यावर एक शब्द नाही. शेजारच्या खोलीतल्या माणसाचा रेडिओ मोठ्यानं लागला होता, त्यावरही नाही.

वंदनाच्या मनात दोन बाया भांडायला लागल्या. एक म्हणे, एवढ्या वर्षांनी पदरात पडलं ते गुपचूप घे, आणि हातही ठेवलाय तू वहीवर. दुसरी म्हणे, अगं वेडे, ही तुझी सासू नाहीच. आणि दुसरीचं खरं होतं, हेच तर दुःख होतं.

तिनं उशाखालच्या वहीकडे पाहिलं. "रामा," ती पुटपुटली, "आन मोडते. तुझ्याकडे तक्रार आली तर माझं नाव सांग. पण तूही बायको गमावून बसला होतास, तेव्हा अख्ख्या लंकेवर चाल करून गेलास ना? मला एक शपथ मोडू दे." आणि ती डॉक्टर रितिकाला शोधायला निघाली.

रितिका नर्सांच्या टेबलाशी उभ्या उभ्या पोहे खात होत्या.

"डॉक्टर, आईंना काहीतरी झालंय. त्यांनी माझी स्तुती केली."

चमचा थांबला. "काकू, हे लक्षणांच्या यादीत नाही."

"तुमच्या यादीत नसेल. आमच्या घरच्या यादीत हे सगळ्यात वरचं आहे."

रितिका आल्या. सगळं विचारलं. साल बरोबर. गाव नागपूर. पेन, घड्याळ, पडदा बरोबर. शंभर, नव्वद, ऐंशी, सत्तर... आणि तिथं प्रयागबाई थांबल्या आणि मधाळ आवाजात म्हणाल्या, "पुढचं तूच म्हण ना, बेटा. तुले चांगलं येते." रितिका हसल्या. कोणीही हसलं असतं. मग वाक्य. प्रयागबाईंनी पेन घेतलं आणि लिहिलं, श्रीराम जय राम जय जय राम. कालच्यासारखंच, रेघभर फरक नाही.

"बघा, अक्षर एकदम छान आहे," रितिका म्हणाल्या. "संध्याकाळी भावना पुन्हा घेईलच..."

"डॉक्टर," वंदना मध्येच म्हणाली. तिला एकदम तो उन्हाळा आठवला, पंखा, छातीवर पडलेली मान आणि चालणारा हात. "हे त्या झोपेतही लिहितात. मी पाहिलंय. त्यांना दुसरं काहीतरी लिहायला सांगा."

"काय सांगू?"

"माझ्याबद्दल सांगा. माझ्या कढीबद्दल. त्यावर त्या दोनशे पानी भरू शकतात."

रितिकानं कागद पुढे केला. "आजी, लिहा, वंदनाची कढी कशी असते."

प्रयागबाई हसल्या. पेन कागदावर टेकलं. एक 'व' उमटला, त्याला पोट आलं पण दांडी आली नाही. पेन थांबलं. मग जणू वाट सापडली असं सरसर पुढे गेलं. श्रीराम जय राम. पुन्हा रितिकानं सांगितलं, आजी, कढी. पुन्हा अर्धा 'व', त्याच्यावर चढलेला दुसरा 'व', आणि मग पुन्हा श्रीराम जय राम जय जय राम, स्वच्छ, सरळ, छापल्यासारखं. प्रयागबाई कौतुकानं दोघींकडे पाहत होत्या.

रितिकाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्या पळाल्या. अक्षरशः पळाल्या, पोहे तिथंच राहिले. पाच मिनिटांत भावना आली, मोठे डॉक्टर आले, सुई लागली, स्टेरॉइड गेलं, डोक्याचा फोटो काढायला खाट ढकलत नेली. जाताना प्रयागबाई ढकलणाऱ्या दोघांना म्हणत होत्या, "सावकाश, बाळांनो, तुमचे हात दुखतीन." वंदना मागून चालत रडत होती, कारण तो प्रत्येक गोड शब्द तिला आता सुईसारखा टोचत होता.

संध्याकाळी धर्मेंद्र आला, त्याला खाली बसवून तिनं सगळं सांगितलं. "मी म्हटलं होतं शांतता," तो एवढंच बोलला.

दुसऱ्या दिवशी वंदना पोचली. डबा आणला नव्हता. रात्रभर स्वयंपाकघरात पाऊल टाकवलं नव्हतं. दारातच तिला सासूचा आवाज ऐकू आला.

"हे काय वं? केस काहून असे पिंजारले? ऑटोच्या टपावर बसून आली का? अन् डबा कोठी आहे? हॉस्पिटलचं वरण खाऊ घालून मारतेस का मले?"

वंदना दाराची चौकट धरून रडायला लागली. आणि रडता रडता तिला असं हसू आलं की भावना सिस्टरही हसायला लागली. रात्रभर तिथंच थांबलेल्या धर्मेंद्रनं देवाला हात जोडले. घरातली शांतता गेल्याचा आनंद झालेला तो बहुधा कामठीतला पहिलाच नवरा.

"दहापैकी किती?" वंदनानं विचारलं.

"दहा," भावना म्हणाली. "आणि मला म्हणाल्या की तुझी टोपी वाकडी आहे, त्याचा एक जास्तीचा."

मग झाला तो खटला. प्रयागबाईंना आदल्या दुपारचं काहीच आठवत नव्हतं. धर्मेंद्रनं सांगितलं तेव्हा त्या वंदनाकडे वळल्या. "म्हणजे तू सांगितलं डॉक्टरले? रामाची आन घेऊन?"

"हो."

"अन् मोडली?"

"मोडली. रामाशी माझं बोलणं झालंय."

"अन् तो काय म्हणाला?"

"काही नाही म्हणाला. तुमच्या देव्हाऱ्यात बसून त्याला सवय झालीय ऐकून घ्यायची."

डॉक्टर रितिकानं तेवढ्यात सांगून टाकलं की औषध बंद नाही, आठवडाभर थांबून पुढचा डोस मिळेल, आणि वर्धेकडच्या त्या बाईंनाही पुन्हा सुरू झालंय. आणि सून बोलली नसती तर कदाचित संध्याकाळपर्यंत फिट आली असती. हे ऐकल्यावर प्रयागबाईंनी विषय बदलला.

"पण मी खरंच कढीले चांगलं म्हटलं?"

"फाइलमध्ये आहे," रितिका म्हणाल्या, आणि काढून वाचून दाखवलं. पेशंटनं सुनेच्या स्वयंपाकाची स्तुती केली, जी कुटुंबाच्या म्हणण्याप्रमाणे तिच्या स्वभावाशी पूर्णपणे विसंगत आहे.

"खोडा ते," प्रयागबाई म्हणाल्या. "पिसाटपणात माणूस काही बी बोलते. मेल्यावर लोक वाचतीन."

खोडता आलं नाही. पण वाक्याचा नियम बदलला. भावनानं मोठ्या डॉक्टरांना सांगितलं आणि त्यांनी ठरवलं की प्रयागबाईंनी परीक्षेला नाम लिहायचं नाही, रोज स्वतःच्या मनचं नवं वाक्य लिहायचं. विषय त्यांनीच निवडला. पुढच्या डोसांपासून फाइलमध्ये एकेक वाक्य पडायला लागलं. वंदनाची कढी पातळ असते. वंदनाच्या कढीत हळद जास्त. आज वंदनाने कढीत मेथीदाणा टाकला, कडू झाली. भावना सांगायची की हे सगळे कागद इंग्रजी करून बाहेरदेशी जातात, औषध बनवणाऱ्यांकडे. वंदनाला मधूनच डोळ्यासमोर यायचं, कुठेतरी बर्फाच्या गावात एक गोरा साहेब कोट घालून बसलाय आणि कामठीच्या एका सुनेच्या कढीत मीठ किती असतं ते वाचतोय. लाज वाटायची. थोडी ऐटही वाटायची.

साडेतीन महिन्यांनी पुन्हा कमरेच्या हाडातून मज्जा काढली. मोठ्या डॉक्टरांनी कागद दोनदा पाहिला आणि सांगितलं की शोधूनही कॅन्सरच्या पेशी सापडल्या नाहीत. बरं झालं असं नाही म्हणणार, म्हणाले, औषध चालूच ठेवायचं, लक्ष ठेवायचं. पण आज सापडल्या नाहीत.

"म्हणजे नळावर आता एकटा शिपाईच उभा आहे," प्रयागबाई म्हणाल्या.

त्या दिवशी घरी वंदनानं फुणके केले. ताक चांगलं घोटलं, बेसन बेतानं, फोडणीला लसूण भरपूर. देव्हाऱ्यासमोर आधी एक वाटी ठेवली आणि मग सासूला वाढलं. प्रयागबाईंनी मांडीवरची वही बाजूला केली, पेनाला टोपण लावलं, एक घोट घेतला. दुसरा घेतला. वाटी संपवली. मग भिंतीकडे पाहत, कोणालाही उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाल्या, "आज कढी बरी झाली."

वंदनाच्या हातातली पळी कढईत पडली. ती धावत आली, सासूसमोर उकिडवी बसली, दोन्ही हातांनी त्यांचा चेहरा धरला.

"आई, शंभरपासून उलटं म्हणा. आत्ता. लवकर!"

प्रयागबाईंनी तिचे हात झटकले. तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की एखादीचं पाणी पाणी झालं असतं. पण म्हटलं सगळं, एक एक दाणा मोजून टाकावा तसं. "शंभर. नव्वद. ऐंशी. सत्तर. साठ. पन्नास. चाळीस. तीस. वीस. दहा." आणि वाटी पुन्हा पुढे करत, "अन् मीठ कमी होतं. वाढ."